बोट जड कुणी केली?

‘बोट जड असते, ते बाईमाणसाचं काम नव्हे.’ कृष्णाकाठच्या गावांत पुराच्या तयारीची बैठक भरली की हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की कुणी मान वर करून पाहतसुद्धा नाही. मी या भागात समाजकार्य करते. आपल्या गटांतल्या मैत्रिणीही हे ऐकून गप्प बसतात, त्याचा मला राग आहे.

ट्रेलरवरची बचावाची बोट पाण्यात उतरवणं आणि काम झाल्यावर परत चढवणं, हे काम पुष्कळ सोपं करता येतं. ते केलं जात नाही, कारण हाकेसरशी दहा गडी धावून येतील असं गृहीत धरलेलं असतं. रात्री दोन वाजता पाणी वाढतं तेव्हा हे गडी जनावरं सोडवायला मळ्यात गेलेले असतात, नाहीतर नोकरीच्या गावी असतात. घरात असते ती बाई, तिची पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं तिच्यात बसली होती. बुडालेल्यांत बायका होत्या, मुलं होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. मधल्या काळात बोटींची मागणी झाली, काही गावांना त्या मिळाल्याही. पण माझ्या कानावर पडलेली सगळी चर्चा इंजिन किती ताकदीचं आणि जॅकेटं किती, एवढ्यावरच थांबते. बोट पाण्यापर्यंत नेणार कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही. एका फेरीत किती माणसं कोंबायची, हे पुढची फेरी कधी होईल यावर ठरतं. बोट उतरवायला तास लागत असेल आणि दुसरी बोट अजून ट्रेलरवरच अडकलेली असेल, तर पहिल्या बोटीत गर्दी होणारच.

एका गावात पावसाळ्याआधीची रंगीत तालीम पाहिली. बायकांना बोलावलं होतं, पण कशाला? पूरग्रस्त म्हणून बोटीत बसायला. जॅकेटं घालून त्या बसल्या, त्यांचे फोटो निघाले. त्याआधी तरण्या पोरांनी ओरडाआरडा करत, चिखलात घसरत बोट ट्रेलरवरून खाली ओढली. एकाचा पाय चाकाखाली जाता जाता वाचला. माझ्याशेजारची बाई म्हणाली, “ताई, आमी बोटीत बसायचं. बोटीला हात लावायचा न्हाई.” तिथली सरपंच बाईच आहे. बोट मिळाल्याच्या कागदावर सही तिची. शेडची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

आता त्या जडपणाकडे जरा नीट पाहू. बोट नुसत्या लाकडी फळ्यांवर ठेवली तर ती घासत जाते, म्हणून जोर लागतो. तिच्या तळाखाली रबरी रोलर बसवले की तीच बोट सरकते. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला हाताने फिरवायची विंच बसवता येते. विंच म्हणजे दुसरं काही नाही, विहिरीवरचा रहाट. फरक एवढाच की तिला दातेरी चाक आणि खटका असतो, त्यामुळे ओढताना हात थांबला तरी पट्टा मागे धावत नाही. ज्या बाईने जन्मभर पाणी शेंदलं तिला हे यंत्र कळणार नाही, असं कोण म्हणतं? ट्रेलरच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे उभे पाइप लावले तर वाहत्या पाण्यातही बोट मधोमध येते. गळाभर पाण्यात उभं राहून ती सरळ धरावी लागत नाही. यातलं बहुतेक काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा वेल्डर करून देईल.

ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. तळाचं बूच कोरड्यातच लावायचं, नाहीतर बोट उतरताच भरायला लागते. बांधलेले पट्टे काठावर सोडायचे, पण विंचचा हूक बोट पाण्याला लागेपर्यंत काढायचा नाही. रोलरवरची बोट उतारावर आपोआप सुटते आणि रस्त्यावर आपटते. नाकाला बांधलेला दोर कायम एकीच्या हातात हवा. ट्रेलर बोटीचा मागचा भाग तरंगेल एवढाच आत न्यायचा. चढवताना तो फार खोल नेला तर बोट तिरपी होऊन बसते. चाकांना वर्षभर ग्रीस नसेल आणि हवा गेलेली असेल तर दहा गडी आले तरी उपयोग नाही. ही देखभाल बचत गटाकडे द्या, मानधन देऊन. फुकट सेवा म्हणून नको, ती आम्ही पुष्कळ केली.

आता उताराविषयी. नदीकाठचे आपले घाट पायऱ्यांचे. आंघोळीला, धुण्याला ठीक, ट्रेलरला निरुपयोगी. आणि पुरात घाट बुडालेलाच असतो. पाण्याची कड गावात आलेली असते. म्हणून पाणी ४०, ४५, ५० फुटांवर असताना गावातल्या कुठल्या गल्लीपर्यंत येतं, तिथे पाण्यात उतरत जाणारा पक्का रस्ता कुठला, गटार कुठे, विजेची तार कुठे, हे आधी ठरवून खुणा करून ठेवायला हव्यात. आठ फुटांना एक फूट एवढा उतार चांगला. ट्रॅक्टर कोरड्यात उभा करून लांब दोराने ट्रेलर सोडता येतो. कुठल्या दारात पाणी आधी येतं हे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त माहीत असतं, घर त्याच आवरतात ना!

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, हा तांत्रिक प्रश्न आहे, यात स्त्रीमुक्ती कुठे आली? भरपाई बाईच्या नावावर व्हावी, ते महत्त्वाचं. तेही महत्त्वाचंच. पण भरपाई जिवंत राहिलेल्यांना मिळते. १९९१ मध्ये बांगलादेशात चक्रीवादळ आलं, तेव्हा २० ते ४४ वयाच्या बायकांत हजारी ७१ मृत्यू झाले, त्याच वयाच्या पुरुषांत १५. पाण्यापाशी कोण मोकळेपणाने जातं, पोहायला कोण शिकतं, वाहन कुणाच्या हातात असतं, हे सगळं त्या आकड्यांत आहे. आणि बायकांना बोट जमत नाही म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन पाहावं. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. पर्यटकांना घेऊन त्या स्वतः वल्हं मारू लागल्या.

१ मेच्या ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकतात. यंदा ती खरोखर भरवू या. ठराव असा मांडायचा: ट्रेलरला रोलर आणि विंच बसवावी, शेडची एक किल्ली गावातल्या दोन बायकांकडे असावी आणि जूनच्या आधीच्या तालमीत बोट उतरवणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात. ठरावाची प्रत तहसीलदारांकडे द्या, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर आम्हाला कळवा.