सडा पडीक नव्हे!

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकरीबंधूंनो, सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून पडलेल्या सड्यावर एक दिवस काढून पाहा. पहाटे चंडोल गात वर चढतो. उन्हं वाढली की माळटिटवी ओरडत आडवी येते. तिची अंडी उघड्या कातळावर, खड्यांत खडा झालेली. पाऊल जपून टाका! उन्हाळा तिच्या विणीचा, अन् नेमकी तेव्हाच आपण गवताला काडी लावतो, चिरेखाणीला जागा देतो. पावसाचे पाणी याच जांभ्यातून झिरपून खालच्या विहिरींना मिळते, हे विसरून कसे चालेल? सरपंच-सदस्यहो, २००२ च्या कायद्याने गावाला जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तिच्यात सड्याची पाखरे लिहा. चिरा एकदाच विकला जातो. पाणी दरसाल लागते.