पृथ्वीच्या पोटातली टेहळणी

सुट्टीत सिलतऱ्याला घरी गेलो की पहिल्याच दिवशी आई गच्चीवरची काळी धूळ झाडायला लावते. आमच्या चहूबाजूंना स्पंज आयर्नचे कारखाने आहेत आणि बाबा त्यातल्याच एकात काम करतात. म्हणून ५०,००० टन लोखंडाच्या यंत्राने पृथ्वीच्या पोटात डोकावता येईल हे वाचले, तेव्हा पान उलटवले नाही.

पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. रशियातले कोलाचे विवर, सर्वांत खोल, ते जेमतेम सव्वाबारा किलोमीटर. आतले सगळे आपण मुख्यतः भूकंपलहरींवरून ताडतो. न्यूट्रिनो मात्र आरपार जातो. पलीकडच्या बाजूच्या वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो पृथ्वी भेदून येताना आपला प्रकार बदलतो आणि या बदलावर वाटेतल्या घनतेचा परिणाम होतो. म्हणजे शत्रूच्या मुलखातून परतलेला टेहळ्याच! हे यंत्र चुंबकित लोखंडाचे असल्यामुळे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे ओळखता येतात, आणि त्यातून गाभ्याचा अंदाज बांधता येईल.

वातावरणातले न्यूट्रिनो १९६५ मध्ये जगात प्रथम दोनच ठिकाणी सापडले. त्यातले एक आपली कोलारची सोन्याची खाण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. आता तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखाली नवी वेधशाळा व्हायची आहे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, पण विरोधामुळे काम अडले. चीनचा मोठा न्यूट्रिनो शोधक मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये सुरूही झाला.

वर्गात आमचे म्हणणे पडले की गावकरी अडाणी आहेत. मला ते पटले नाही. न्यूट्रिनोने कुणाला इजा होत नाही, आत्ताही ते अब्जावधींनी आपल्यातून जात आहेत, हे खरे. पण सुरुंग, पाणी आणि जंगल यांबद्दलची भीती खोटी नाही. ‘काही त्रास होणार नाही’ हे वाक्य आम्हीही ऐकले आहे, आणि गच्ची अजून मीच झाडतो.

तरीही यंत्र व्हायलाच हवे असे माझे मत आहे. मदुराईत त्याची ८५ टनांची छोटी आवृत्ती उभी आहे. थेनीच्या लोकांना ती नेऊन दाखवावी, पाण्याच्या आणि सुरुंगांच्या प्रश्नांना तमिळमध्ये लेखी उत्तरे द्यावीत. एवढे करूनही ते नाही म्हणाले, तर दुसरा डोंगर शोधावा.