टॉवेलवर ५९ टक्के, कोडवर शून्य

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सोलापूरहून मामूंचा फोन आला. "तू अमेरिकेचं काम करतोस ना? मग सांग, हे पन्नास टक्के कधी उठणार?" मी कात्रज चौकात, उड्डाणपुलाच्या कामाशेजारी, कंपनीच्या बसमध्ये अडकलो होतो. अमेरिकेचं काम म्हणजे ओहायोतल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण मामूंच्या लेखी मी ट्रम्प यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. "बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

बघितलं ते असं. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के जादा आयात शुल्क लागू झालं. त्यातले २५ टक्के ७ ऑगस्टपासून होतेच. रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ आले. टॉवेलवर मुळातच ९ टक्क्यांच्या आसपास शुल्क होतं. म्हणजे शंभर रुपयांचा सोलापुरी टॉवेल अमेरिकेच्या बंदरात उतरला की वर एकोणसाठ रुपये भरायचे. बांगलादेश आणि व्हिएतनामवरचं जादा शुल्क तेव्हा २० टक्के होतं, पाकिस्तानवर १९. (हा १९ चा आकडा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि मला टॅग केलं, जणू दर मीच ठरवून दिला होता. टॉवेलच्या बाजारात सोलापूरची गाठ पाकिस्तानच्या मालाशी आहे, याचं तिथे कुणालाच काही नव्हतं.)

आणि माझ्या कोडवर? शून्य. सॉफ्टवेअर बंदरात उतरत नाही. इंटरनेटवरून जाणाऱ्या गोष्टींवर सीमाशुल्क लावायचं नाही, असं जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी १९९८ मध्ये ठरवलं आणि नंतर वेळोवेळी मुदत वाढवली. २७ ऑगस्टला माझा दिवस नेहमीसारखाच गेला.

कागदावर हे शुल्क अमेरिकेतला आयातदार भरतो. प्रत्यक्षात तो इथल्या निर्यातदाराला सांगतो, निम्मं तू सोस. निर्यातदार कारखानदाराला म्हणतो, भाव कमी कर. कारखानदार खाली बघतो, तर तिथे मामू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ते सत्तावीस वर्षं यंत्रमाग चालवतात. पगार नाही, मजुरी नगावर. दोन पाळ्यांची एक झाली तरी कुणाला कामावरून काढावं लागत नाही. नोटीस नाही, बातमी नाही, फक्त आठवड्याच्या हिशोबात आकडा कमी येतो. मामी घरी बसून टॉवेलच्या कडा शिवतात, डझनावर. त्यांचं काम तर कुठल्याच वहीत नाही.

मुसलमान कामगारांत स्वतःचा धंदा आणि घरबसल्या काम करणारे जास्त, आणि कापड उद्योगावर पोट असणारेही जास्त, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलंय. मालेगाव, भिवंडीचं बहुतांश कापड देशातच खपतं, म्हणून तिथल्यांनी निर्धास्त राहावं असंही नाही. बाहेर न गेलेला माल शेवटी इथल्याच बाजारात येतो आणि भाव पाडतो.

आमच्या कँटीनमध्ये 'संरक्षणवाद' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो सप्टेंबरमध्ये. १९ तारखेला ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर, म्हणजे साधारण ८८ लाख रुपये, शुल्क जाहीर केलं. मंजूर होणाऱ्या या व्हिसांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीयांचे असतात. बहिणीच्या निकाहसाठी कोंढव्यात आलेला माझा एक मित्र त्या रात्री वलीमा सोडून विमानाचं तिकीट शोधत होता. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना. त्याच महिन्यात ओहायोच्याच एका सिनेटरने, बर्नी मोरेनो यांनी, परदेशात करून घेतलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावायचं विधेयक मांडलं. ते तेव्हा नुसतं विधेयकच होतं, पण आमच्या मजल्यावरचा प्रत्येक जण त्या दिवसापासून अर्थतज्ज्ञ झाला. मीही. तीन आठवडे आधी सोलापुरात पन्नास टक्के येऊन धडकले, तेव्हा आम्ही क्रिकेटवर बोलत होतो.

एक गोष्ट मी मामूंना सांगितलेली नाही. या प्रोजेक्टवर आलो तेव्हा सहा आठवडे रोज संध्याकाळी ओहायोतल्या एक बाई मला कॉलवर काम शिकवायच्या. पन्नाशीच्या होत्या. काही विसरलो तर चिडायच्या नाहीत. सातव्या आठवड्यात त्यांचा ईमेल बंद झाला. मी शिकत होतो ती त्यांची नोकरी होती. मोरेनोंना तिथे मतं का पडतात हे कळायला मला फार अभ्यास करावा लागत नाही. म्हणून 'खुला व्यापार चांगला, संरक्षण वाईट' असं मी छातीठोकपणे लिहू शकत नाही. शिवाय खुल्या व्यापाराचं नाव घेणाऱ्या इंग्रजांनीच लँकेशायरला तोशीस नको म्हणून १८९६ मध्ये आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसवलं होतं. ते पूर्ण जायला १९२६ उजाडलं.

आपल्या सरकारनेही या वेळी काय केलं ते बघा. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्या टॉवेलला तिकडे एकोणसाठ आणि अमेरिकेच्या कापसाला इकडे शून्य, तेही नेमकं यवतमाळ-अमरावतीचा कापूस घरात येण्याच्या दिवसांत. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल होता, खुल्या बाजारातला भाव त्याच्या खाली. सूत स्वस्त झालं तर मामूंच्या मालकाला बरंच आहे, हे मला मान्य आहे. पण विणकराला वाचवायचं तर पैसे तिजोरीतून द्या. कापूस पिकवणाऱ्याच्या खिशातून कशाला?

तिजोरीतून दिलेलं कुणापर्यंत पोचतं हा पुढचा प्रश्न. नोव्हेंबरमध्ये केंद्राने निर्यातदारांच्या २०,००० कोटींपर्यंतच्या कर्जांना हमी दिली. रिझर्व्ह बँकेने अडचणीतल्या निर्यातदारांचे १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरचे हप्ते पुढे ढकलायची मुभा बँकांना दिली. चांगलंच झालं. मामूंनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलंय. त्यांचा हप्ता दर पाच तारखेला आहे तसाच आहे. शुल्क एकच, पण पुढे ढकलला गेला तो निर्यातदाराचा हप्ता. सवलत घेणाऱ्या कारखान्याने किती पाळ्या चालू ठेवायच्या, नगावरचा दर किती खाली आणायचा नाही, याची एक तरी अट असायला हवी होती. १४ नोव्हेंबरला ट्रम्प यांनी कॉफी, चहा, केळी यांच्यावरचं शुल्क मागे घेतलं, कारण तिकडच्या गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला. नगावर काम करणाऱ्याचा आवाज इथे पुण्यातही येत नाही.

निर्यात किती डॉलरने घटली हे सरकारला महिन्याच्या महिन्याला कळतं. सोलापुरात किती माग बंद पडले, हे मी शोधायला गेलो तर असा आकडा मला कुठे सापडला नाही. म्हणून मामेभाऊ आणि मी एक साधी यादी सुरू केली आहे: कारखान्यात माग किती, चालू किती, पाळ्या किती, जुलैत नगाला दर काय होता आणि आज काय आहे. आतापर्यंत चौदा कारखाने झाले. दोन मालकांनी दारातूनच परत पाठवलं. एकाने चहा पाजला आणि स्वतःच्या रद्द झालेल्या ऑर्डरचे ईमेल काढून दाखवले. पन्नास झाले की जिल्हा उद्योग केंद्रात आणि खासदारांकडे नेऊन देणार आहोत. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत तुमच्यापैकी कुणाला हे करायचं असेल तर रकाने हेच ठेवा, म्हणजे याद्या जोडता येतील.

काल रात्री मामूंचा पुन्हा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या यादीत माझं नाव नाही ना घातलंस?" नाही घातलं.