गाळ उपसण्याआधी वावर ठरवा

उन्हाळा लागला की वऱ्हाडातल्या तलावांवर पोकलेन उतरतात. २०१७ साली सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना चांगलीच आहे. गाळ निघाला की तलावात पाणी जास्त मावतं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एका पक्क्या समजुतीशी. गाळ म्हणजे सोनं, तो ज्या वावरात पडेल ते वावर सुधारणारच, असं सर्रास म्हटलं जातं.

हे खरं नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जमीन मुळातच खोल आणि चिकण आहे. सोडियम जास्त, निचरा कमी. पावसात पाय रुततो, उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. आपल्या काळ्या रानांतून वाहून तलावात बसलेला गाळही बहुतेक असाच बारीक चिकणमातीचा असतो. तो अशा चोपण जमिनीवर चढवला तर पाणी आणखी तुंबेल. तिला जिप्सम हवं, शेणखत हवं, निचऱ्याचे चर हवेत. उलट पातूर, बार्शीटाकळीकडच्या बरड, मुरमाड वावरांत ओल टिकत नाही. खरा लाभ तिथे आहे, कारण तोच गाळ तिथे पाणी धरून ठेवतो.

दुसरा मुद्दा असा मांडतात की शेतकरी स्वतः गाळ मागतो, त्याला आपलं हित कळत नाही का? कळतं. पण वाहतुकीचा खर्च अंतरावर ठरतो, म्हणून गाळ सोयीच्या वावराकडे वळतो. अल्पभूधारकाला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांपर्यंत अनुदान आहे. घनमीटर मोजून गाळ किती गेला ते समजतं, योग्य जमिनीत गेला की नाही ते समजत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. पावसाळा तोंडावर असताना तपासण्या कुठे करत बसायच्या? घाईतही तपासणी का टाळता येत नाही, यासाठी बंदरांचा अनुभव पाहा. बंदरातला गाळ समुद्रात टाकायचा तर खोली, भरती-ओहोटीचे प्रवाह, मासेमारीच्या जागा पाहाव्या लागतात. नाहीतर उपसलेला गाळ फिरून जहाजांच्या वाटेत येतो. मुंबई बंदरात गाळाचा माग काढायला १९५९ सालीच किरणोत्सारी पदार्थ वापरला गेला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था असे अभ्यास करत आली आहे. अथांग समुद्रातही जागा पारखून घ्यावी लागते, तर चार एकरांच्या वावरात ती घ्यायलाच हवी. तिथली चूक एका कुटुंबाला वर्षानुवर्षं भोगावी लागते.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. तपासणी हिवाळ्यातच उरकावी. तलावात चार ठिकाणचे आणि मागणी करणाऱ्या प्रत्येक वावरातले नमुने घेऊन चिकणमाती, क्षार आणि सामू तपासावा. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हाताशी आहे. घरची पारखही सोपी: ओला गाळ तळहातावर वळा. न तुटता लांब वळी झाली तर तो चिकण आहे, भारी जमिनीत नेऊ नका. हलक्या जमिनीतही जाड ढीग न लावता पातळ थर पसरून पेरणीआधी नांगरून मिसळा.

बरड वावरांची यादी आधी ग्रामसभेत वाचली जावी, आक्षेप ऐकले जावेत, मगच पोकलेन तलावात उतरावा. जागा न ठरवता उपसलेला गाळ तलाव मोकळा करील, पण शिवार सुधारेलच असं नाही. आणि योजनेच्या नावात शिवाराचाही शब्द दिलेला आहे.