मृतदेह ही प्रेक्षणीय वस्तू आहे काय?

नांदेड-लातूरकडील शाळांच्या सहली हैदराबादला गेल्या की चारमिनार आणि सालारजंग संग्रहालयाप्रमाणेच पब्लिक गार्डनमधील राज्य पुराणवस्तू संग्रहालयही मुलांना दाखविले जाते. तेथील खरे आकर्षण म्हणजे इजिप्तची ममी. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडून १९३० मध्ये ती संग्रहालयास मिळाली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यातच असल्याने येथील कित्येक पिढ्यांना ती ठाऊक आहे. २०१६ मध्ये तिला नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेटीत ठेवण्यात आले. तिचे जतन कसे करावे याचा विचार झाला, हे योग्यच होय. तथापि तिला लोकांपुढे मांडावे काय, हा त्याआधीचा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

इतक्या प्राचीन देहाला कसला मान नि कसला अपमान, असे कोणी म्हणेल. लातूर जिल्ह्याला हा युक्तिवाद पटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंपाने हजारो माणसे गेली. कोसळलेल्या घरांच्याच लाकडांवर सामुदायिक चिता रचाव्या लागल्या. ज्यांची ओळख पटली नाही त्यांनाही अग्नी मिळाला. नाव हरवले म्हणून माणसाचे प्रेत वस्तू होत नाही, ही जाण त्या हलकल्लोळातही लोकांनी सोडली नाही.

आता तर मृतदेहांची बाजारपेठ निर्माण झाली आहे. शरीरातील द्रव काढून त्या जागी प्लास्टिक भरण्याची पद्धती गुंथर फॉन हागेन्स या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये शोधली. १९९५ पासून अशा देहांची तिकीट लावून प्रदर्शने होऊ लागली. देहदात्यांची लेखी संमती आपण घेतो, असे त्यांचे सांगणे आहे. परंतु २००५ मध्ये न्यूयॉर्कला अशाच प्रकारचे प्रदर्शन भरविणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचे देह चीनमधून आलेले होते. ते देहांत शासन झालेल्या कैद्यांचे नाहीत, याची खात्री देता येत नाही, हे २००८ मध्ये सरकारी चौकशीनंतर त्या कंपनीला प्रेक्षकांपुढे जाहीर करावे लागले. तिकिटाच्या किमतीत जागेचे भाडे, वाहतूक, नफा हे सारे धरलेले असते. धरलेली नसते ती मृताची संमती. कारण तिची किंमत मागायला कोणी उरलेलेच नसते.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नव्हे. १९४९ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्यान्वये महाराष्ट्रात बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि शवविच्छेदनावाचून डॉक्टर घडत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु बेवारस ठरतो तो बहुधा दरिद्रीच. सधन माणसाला वारस शोधावे लागत नाहीत. तेच त्याला शोधत येतात. ज्याला हयातीत कोणी विचारले नाही, त्याला मृत्यूनंतरही विचारले जात नाही. रोगमुक्तीची विद्या त्यातून मिळते म्हणून समाज हे सोसतो. पण हे प्रयोजन हीच त्या सवलतीची मर्यादा होय. विच्छेदनाच्या मेजावरचा देह कुतूहलासाठी मंडपात नेला की ती मर्यादा ओलांडली जाते. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यानेही देह दिला तो अध्ययनासाठी. गर्दीने पाहावा म्हणून नव्हे.

मग संग्रहालयांना कुलपे लावावीत काय? मुळीच नाही. १७८३ मध्ये निधन पावलेला चार्ल्स बर्न हा आयरिश महाकाय पुरुष समुद्रात दफन होऊ इच्छीत होता. तरी त्याचा सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात कित्येक पिढ्या उभा होता. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा तो प्रदर्शनातून काढण्यात आला. संग्रहालय त्यामुळे ओस पडले नाही.

आपल्याकडेही काही पथ्ये सहज पाळता येतील. विज्ञान प्रदर्शनात मुलांसाठी प्रतिकृती पुरेशा आहेत. खरा मानवी अवयव मांडायचाच असेल, तर दात्याने प्रदर्शनासाठी स्वतंत्र लेखी संमती दिलेली असावी आणि तसे तेथे नमूद करावे. बेवारस देहाचा कोणताही भाग सार्वजनिक प्रदर्शनात नसावा. आणि हैदराबादच्या त्या काचेपुढे विद्यार्थ्यांना उभे करणाऱ्या शिक्षकाने ममी कशी बनवीत हे सांगण्यापूर्वी एवढे सांगावे, की येथे एक माणूस निजलेला आहे आणि आपण येथे यावे काय, हे त्याला कोणी विचारलेले नाही.