तोल आणि लक्ष



शर्यतीची एकेरी कयाक जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब, किमान १२ किलो वजनाची आणि जेमतेम बसण्याइतकी रुंद असते. नवशिका तीत हमखास उलटतो. म्हणून आधी पोहणे, अंगात लाइफ जॅकेट आणि रुंद नाव; तोल जमल्यावरच अरुंद. नजर जवळच्या पाण्यावर खिळली की तोल जातो. ती दूर, समोर हवी. घाबरून वल्हे थांबवले तर नाव अधिकच डुलते. पाण्यात चालणारे वल्हेच तिला सावरते.

आपल्या ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांनी भोपाळच्या तलावात असाच कसून सराव केला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक मिळविले.

दहावी आली की घरोघरी आधी खेळ बंद होतो. आम्हांस हे पटत नाही. एकाग्रता उपदेशाने येत नाही, ती रोजच्या सरावाने अंगी बाणते. पालकांनी दहावीतही मुलांना रोज तासभर खेळू द्यावे आणि विश्वस्तांनी वेळापत्रकात तो तास राखावा, ही आमची आग्रहाची विनंती.

– मुख्याध्यापक