स्क्रीनशॉट आहे, पण फोन कुणाचा?

मागच्या पावसाळ्यात मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावची शेतमजूर बाई आमच्याकडे आली. गावातलाच एक माणूस तिला रात्री-बेरात्री व्हॉट्सॲपवर घाणेरडं लिहून पाठवत होता. मी विचारलं, "जपून ठेवलंय का?" तिने फोन पुढे केला. एकच स्क्रीनशॉट, बाकी सगळं पुसलेलं. "ताई, फोन पोरगंही घेते, नवराही घेते. ठेवू कुठं मी हे?"

तेवढंच घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. भीतीपोटी तिने त्याचा नंबर 'दुकान' या नावाने ठेवला होता. त्यामुळे चित्रात 'दुकान' दिसत होतं, नंबर नव्हता. तारखेच्या जागी नुसतं 'काल'. "हे त्यानंच पाठवलं कशावरून?" असं आम्हाला विचारलं गेलं. विचारण्याचा सूर तुच्छतेचा होता, प्रश्न मात्र खोटा नव्हता, हे आपण कार्यकर्त्यांनी मान्य केलं पाहिजे.

पुराव्यासाठी बाईला उभं करण्याची गोष्ट आपल्या विदर्भाला नवी नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर अत्याचार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, तेव्हा तिच्या अंगावर जखमा नाहीत हा मुद्दा झाला होता. आता खुणा फोनमध्ये शोधल्या जातात.

इथला कायदाही समजून घेऊ. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच मालकाने साक्षीत हजर केलं तर वेगळं प्रमाणपत्र नको. नुसती प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. शेलूबाजारच्या बाजूची मजूर बाई हा तज्ज्ञ कुठून आणणार? तो शोधणं पोलिसांचं काम आहे, आणि ते आपण त्यांच्याकडून करून घेतलं पाहिजे.

बायका तक्रारीला का कचरतात याचं आणखी एक कारण आहे, ते फारसं बोललं जात नाही. फोन जप्त होईल ही धास्ती. त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो, बचत गटाचा निरोप येतो, पोराच्या शाळेचा येतो. पंचासमक्ष प्रत काढून फोन लवकर परत द्यावा, ही मागणी आपल्या निवेदनांत का नसते?

तोवर गटाच्या बैठकीत निदान एवढं तरी शिकवू या. स्क्रीनशॉट घेण्याआधी त्या माणसाच्या नावावर बोट ठेवून नंबर दिसेल ते पानही टिपायचं. लांबलचक बोलणं असेल तर आधीच्या चित्राची शेवटची ओळ पुढच्या चित्रात यावी. चित्र कापायचं नाही, त्यावर लाल गोल काढायचे नाहीत. दुसरीकडे पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, फोटो बारीक होऊन अक्षरं पुसट होतात. आणि मूळ बोलणं शक्यतो पुसायचं नाही.

'शक्यतो' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. घरात मार बसणार असेल तर पुसू दे तिला. पुराव्यापेक्षा तिचा जीव मोठा. फक्त पुसण्याआधी विश्वासातल्या एकीकडे पाठवू दे. मग गॅलरीतून आणि गॅलरीच्या कचरापेटीतूनही काढायचं. तिथे ते बरेच दिवस पडून राहतं आणि नवऱ्याच्या हाती लागतं.

थोडं आपल्याबद्दलही. संघटनेच्या ग्रुपवर पीडितेचे स्क्रीनशॉट नाव-नंबरासकट फिरताना मी पाहिले आहेत. चाळीस जणींच्या फोनमध्ये, म्हणजे चाळीस घरांत. आम्ही आता ते बंद केलं. चित्रं एकीच्याच फोनवर राहतात, आणि कुणाची, कधी आली, कुणाला दाखवली, हे वहीत लिहिलेलं असतं.

त्या बाईचं पुढे काय झालं? तिला एकच निरोप पुन्हा आला. या वेळी तिने नंबरासकट टिपला, आम्हाला पाठवला आणि १९३० वर फोन लावला. घरी अजून सांगितलेलं नाही.